फुल सर्च परवडत नाही: मोशन एस्टिमेशनचं ओझं कमी कसं करावं?

चौकट४२ | शनिवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, शाखा इलेक्ट्रॉनिक्स. प्रोजेक्ट म्हणून एक छोटा व्हिडिओ एन्कोडर, म्हणजे व्हिडिओ दाबून लहान करणारा प्रोग्रॅम, लिहायला घेतलाय. तयार लायब्ररी वापरायची नाही, सगळं हाताने लिहायचं, असं ठरलंय. डीसीटी (ब्लॉकचं बारीक-ढोबळ नक्षींत रूपांतर) झाली, क्वांटायझेशन (ते आकडे ढोबळ करून लहान करणं) झालं. गाडी अडली ती मोशन एस्टिमेशनपाशी.

पुस्तकात दिलाय तसा फुल सर्च लिहिला. फ्रेम ३५२ × २८८ ची, ब्लॉक १६ × १६ चे, म्हणजे एका फ्रेममध्ये ३९६ ब्लॉक. प्रत्येक ब्लॉक आधीच्या फ्रेमवर चारी बाजूंना १६ पिक्सेलपर्यंत सरकवून बघायचा. आडव्या ३३, उभ्या ३३, मिळून १०८९ जागा. प्रत्येक जागी २५६ वजाबाक्या, मग चिन्हं सोडून त्यांची बेरीज. एका फ्रेमला ११ कोटींच्या वर वजाबाक्या होतात. उत्तर बरोबर येतं, पण 'फोरमन' हा सगळे वापरतात तो ३०० फ्रेमचा नमुना पायथनमध्ये रात्री लावून झोपावं लागतं.

थ्री स्टेप, फोर स्टेप, डायमंड, हेक्सागन असे ढीगभर सर्च वाचले. नक्की कुठला घ्यावा? आणि चित्राची प्रत त्याने किती घसरते?

उंबरठा | शनिवार, रात्री ११:१५

माझा या विषयाशी संबंध नाही, पण शीर्षक बघून आत आले. ब्लॉक सरकवून बघायचा म्हणजे काय, आणि व्हिडिओ लहान होण्याशी त्याचा काय संबंध, हे कुणी साध्या शब्दांत सांगेल का?

नीराकाठ | रविवार, सकाळी ७:५०

उंबरठाताई, आधी तुमचं.

डेपोतून लाल एसटी बाहेर पडतेय असा व्हिडिओ डोळ्यांसमोर आणा. सेकंदाला २५ चित्रं. दोन लागोपाठच्या चित्रांत डेपोची भिंत, झाड, पाटी सगळं जिथल्या तिथे. एसटी तेवढी थोडी उजवीकडे सरकलेली. दुसरं चित्र पहिल्यापासून पुन्हा लिहिण्याऐवजी एवढंच सांगितलं की 'मागच्या चित्रातला हा तुकडा उचला आणि ६ पिक्सेल उजवीकडे ठेवा, मग जो बारीकसा फरक उरेल तो हा घ्या', तर फार थोड्या बिटांत काम भागतं. ते '६ पिक्सेल उजवीकडे' म्हणजे मोशन व्हेक्टर. बघणाऱ्याच्या फोनला फक्त सांगितलेला तुकडा उचलून ठेवायचा असतो, त्याचं काम हलकं. पण तुकडा कुठून आला हे शोधणं एन्कोडरच्या माथी. सगळा घाम तिथे गळतो.

आता चौकट४२. मी बरीच वर्षं बॅटरीवर चालणाऱ्या कॅमेऱ्यांसाठी एन्कोडर लिहितेय, त्यामुळे हा प्रश्न माझ्या रोजच्या जेवणातला आहे. सरळ सांगते. डायमंड की हेक्सागन हा तिसरा प्रश्न. पहिला प्रश्न शोध कुठून सुरू करायचा आणि दुसरा कधी थांबायचं. पुस्तकं आकृत्यांवर पानंच्या पानं खर्च करतात, या दोघांना एकेक परिच्छेद देतात. प्रत्यक्षात वाचलेल्या वेळाचा मोठा हिस्सा या दोघांचाच असतो.

तरी आकृत्यांपासूनच सुरू करू, कारण तुझा प्रश्न तिथून आलाय.

१९८१ साली दोन पद्धती पुढे आल्या: जैन आणि जैन यांचा द्विमितीय लॉगरिदमिक सर्च, आणि कोगा व त्यांच्या सहकाऱ्यांचा थ्री स्टेप. दोन्हींचा भरवसा एकाच गोष्टीवर आहे. खऱ्या जागेच्या जवळ जाऊ तशी फरकांची बेरीज उतरत जाते, परातीत सोडलेली गोटी मधोमध येते तशी. असं असेल तर सगळी परात तपासायची गरज नाही, उतार धरून जायचं.

थ्री स्टेप कागदावर करून बघ. खिडकी (शोधायची हद्द) ±७ ची धर, म्हणजे फुल सर्चला १५ × १५ = २२५ जागा. खरी हालचाल समज ३ उजवीकडे आणि ५ वर. पहिल्या पायरीला मध्य आणि त्याच्याभोवती ४ पिक्सेलवरच्या ८ जागा, एकूण ९. त्यातली (४, ४) सगळ्यात जवळची, ती जिंकते. दुसऱ्या पायरीला तिच्याभोवती २ पिक्सेलवर ८ जागा, तिसऱ्या पायरीला १ पिक्सेलवर ८. शेवटी (३, ५) हाती लागतं. ९ + ८ + ८ = २५ जागा. २२५ च्या जागी २५.

फसतं कुठे? पहिलंच पाऊल ४ पिक्सेलचं असतं. बोलणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यात हालचाल असते अर्ध्या-एका पिक्सेलची. खरी जागा मधोमध असूनही दूरची एखादी जागा योगायोगाने बरी दिसते, शोध तिकडे वळतो आणि परत येत नाही. म्हणून १९९४ च्या न्यू थ्री स्टेपमध्ये पहिल्या पायरीलाच मध्याच्या लगतच्या ८ जागा जास्तीच्या घेतल्या. १७ जागा बघून मध्यच जिंकला तर काम तिथेच संपतं. वाईटात वाईट ३३ जागा लागतात, थ्री स्टेपपेक्षा जास्त. पण घरगुती व्हिडिओत ब्लॉक बहुतेक हललेलेच नसतात, त्यामुळे सरासरी उतरते.

पुढे १९९६ चा फोर स्टेप, २००० चा डायमंड, २००२ चा हेक्सागन. डायमंडमध्ये ९ जागांचा मोठा चौकोन कोनावर उभा ठेवायचा, तो मध्य जिंकेपर्यंत सरकवत न्यायचा, मग लगतच्या ४ जागा बघून थांबायचं. कमीत कमी १३ जागा. हेक्सागनला ७ आणि ४, कमीत कमी ११. सरकताना डायमंडला दर पावलाला ३ किंवा ५ नव्या जागा लागतात, हेक्सागनला कायम ३. हेक्सागन आवडता झाला तो यामुळे.

आता खरा मुद्दा, पण चहा करून येते.

नीराकाठ | रविवार, सकाळी ८:३५

शोध कुठून सुरू करायचा.

तुझा फुल सर्च आणि थ्री स्टेप दोन्ही (० , ०) पासून निघतात, जणू प्रत्येक ब्लॉकची हालचाल नव्याने शोधायची आहे. पण एसटीचा एक ब्लॉक ६ पिक्सेल उजवीकडे गेला असेल तर शेजारचा ब्लॉकही त्याच एसटीचा आहे, तोही तिकडेच जाणार. ही माहिती आपण आधीच कमावलेली असते.

एच.२६४ या व्हिडिओ दाबण्याच्या मानकात यासाठी मध्यक घेतात. डावीकडचा, वरचा आणि वर-उजवीकडचा, अशा तीन शेजाऱ्यांचे व्हेक्टर घ्यायचे आणि आडव्याचा वेगळा, उभ्याचा वेगळा मधला आकडा काढायचा. डावा (६, ०), वरचा (५, १), तिसरा (२०, −३). आडवे आकडे ५, ६, २०, मधला ६. उभे −३, ०, १, मधला ०. सुरुवात (६, ०) पासून. तिसरा शेजारी दुसऱ्याच कशाचा तरी, कदाचित मागून जाणाऱ्या रिक्षाचा, तुकडा होता. सरासरी काढली असती तर त्याने आपल्याला १० पर्यंत ओढून नेलं असतं. मध्यकात तो एकटा पडला.

याच्या जोडीला (०, ०) ठेव, आणि मागच्या फ्रेममध्ये त्याच जागी असलेल्या ब्लॉकचा व्हेक्टर ठेव. या तीन-चार उमेदवारांत जो सगळ्यात चांगला, तिथून छोटा डायमंड. बहुतेक ब्लॉकना मोठ्या आकृतीची गरजच पडत नाही. २००० च्या आसपास आलेल्या पीएमव्हीफास्ट आणि ईपीझेडएस या पद्धती याच विचारावर उभ्या आहेत, आणि माझ्या मते या विषयातला सगळ्यात मोठा टप्पा तोच.

कधी थांबायचं.

एक, ब्लॉकच्या आत. आतापर्यंतची सर्वांत कमी बेरीज १४०० आहे. नव्या जागेवर १६ पैकी ५ ओळी मोजल्या आणि बेरीज १४५० वर गेली. पुढे ती वाढेलच, कमी व्हायचा प्रश्न नाही. तिथेच सोडून दे, ११ ओळींच्या १७६ वजाबाक्या वाचल्या. उत्तरात कणभरही फरक पडत नाही.

दोन, ब्लॉकच्या बाहेर. उमेदवारांपैकी एखाद्याचीच बेरीज इतकी कमी आली की क्वांटायझेशननंतर फरक शून्यच होणार आहे, तर आणखी चांगली जागा शोधून उपयोग काय? ब्लॉक 'स्किप' म्हणून टाक, म्हणजे फरक लिहूच नको, आणि पुढे चल. स्थिर कॅमेऱ्याच्या व्हिडिओत भिंत, जमीन, आकाश सगळं इथेच निकालात निघतं.

यातलं आधी मध्यक आणि ओळीगणिक थांबणं एवढं लिही. आकृतीचं नंतर बघू.

देवराई_प | रविवार, सकाळी ९:१०

फार छान समजावलंत. एक सुचवू का? मोशन व्हेक्टरला 'गतिसदिश' म्हणता येईल. शाळेत सदिश-अदिश सगळ्यांनीच शिकलेलं असतं.

नीराकाठ | रविवार, सकाळी ९:२५

गतिसदिश छान शब्द आहे, आणि अर्थाने चोख. पुढे मी तोच वापरते, टंकायलाही सोपा.

तिफण | रविवार, दुपारी १२:०५

मी चिप डिझाइनमध्ये आहे. नीराकाठताईंचं सॉफ्टवेअरसाठी पटतं, पण एक बाजू राहिली म्हणून लिहितो.

जागा कमी म्हणजे वेळ कमी, हे समीकरण सरळ नाही. हार्डवेअरमध्ये फुल सर्चचा एक मोठा गुण आहे: पुढची जागा कुठली हे आधीपासून ठाऊक असतं. १६ च्या ब्लॉकला ±१६ ची खिडकी म्हणजे ४८ × ४८, २३०४ पिक्सेल. एकदा आतल्या मेमरीत आणले की पुढच्या ब्लॉकला यातले दोन तृतीयांश तसेच चालतात, फक्त १६ × ४८ म्हणजे ७६८ नवे आणायचे. बाहेरच्या मेमरीला हात लावणं हेच सगळ्यात महाग, विजेच्या हिशेबानेही. डायमंड सर्च पुढच्या पावलाला कुठे जाईल हे या पावलाचं उत्तर आल्याशिवाय कळत नाही. शेकडो वजाबाकी-यंत्रं रांगेत उभी असतात आणि त्यांना काम नसतं.

मध्यकाचंही तेच. डाव्या शेजाऱ्याचं उत्तर आल्याशिवाय या ब्लॉकला सुरुवात नाही. पाइपलाइन, म्हणजे ब्लॉकमागून ब्लॉक पुढे सरकवणारी कामांची साखळी, अडून बसते. म्हणून आम्ही कित्येकदा खरा मध्यक सोडतो आणि फक्त वरच्या ओळीतल्या शेजाऱ्यांवर अंदाज बांधतो. थोडी प्रत जाते, पण चिप चालती राहते.

सॉफ्टवेअरमध्येसुद्धा हे थोडंफार लागू आहे. पेंटियम ३ बरोबर १९९९ ला पीसॅडबीडब्ल्यू नावाची आज्ञा आली. ८ पिक्सेलच्या वजाबाक्या, चिन्हं काढणं आणि बेरीज, सगळं एका फटक्यात. पुढे प्रोसेसरमधले रजिस्टर रुंद होत गेले तशी एव्हीएक्स२ या नंतरच्या आज्ञासंचात ती एका वेळी ३२ पिक्सेल घेते. ओळीगणिक थांबायला प्रत्येक ओळीनंतर तुलना आणि उडी लागते. १६ ओळी भराभर मोजून टाकणं त्यापेक्षा स्वस्त पडू शकतं.

नीराकाठ | रविवार, दुपारी १:४०

तिफण, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. बरोबर आहे, आणि मी ओळीगणिक थांबण्याबद्दल जरा सरसकट लिहून गेले. रुंद आज्ञा वापरत असाल तर दर ओळीला न थांबता ४ किंवा ८ ओळींनी तपासावं. एक्स२६४ या एच.२६४ च्या तयार एन्कोडरमध्ये तर वेगळीच युक्ती आहे: एकाच हाकेत ३ किंवा ४ जागांच्या बेरजा एकत्र मोजतात. चालू ब्लॉक एकदाच वाचायचा आणि चार जागांशी ताडायचा. हेक्सागनला दर पावलाला नेमक्या ३ नव्या जागा लागतात, त्याचं इथे सोनं होतं.

पण चौकट४२ पायथनमध्ये लिहितोय. त्याच्यासाठी प्रत्येक वजाबाकी महाग आहे, त्याने ओळीगणिक थांबावं. पुढे सी मध्ये नेल्यावर पुन्हा मोजावं. मोजल्याशिवाय एकही सुधारणा ठेवू नये.

एक हिशेब मात्र सगळ्यांनी समोर ठेवा. १९२० × १०८० च्या फ्रेममध्ये, उंची १०८८ पर्यंत भरून, ८१६० ब्लॉक बसतात. ±१६ चा फुल सर्च म्हणजे एका फ्रेमला सव्वादोन अब्ज वजाबाक्या, सेकंदाला ३० फ्रेम धरल्या तर ६८ अब्ज. आणि ±१६ या आकाराला पुरतही नाही: लहान फ्रेममध्ये ८ पिक्सेल सरकणारी वस्तू इथे ४० पिक्सेलच्या वर सरकते. त्यात एच.२६४ ने ब्लॉकचे सात आकार दिले, संदर्भाला अनेक फ्रेम दिल्या. त्यानंतरच्या एचईव्हीसी मानकाने ६४ × ६४ पर्यंतचे ब्लॉक दिले, व्हीव्हीसी आणि एव्ही१ या आणखी नव्या मानकांनी १२८ × १२८ पर्यंतचे. दर पिढीला पर्याय वाढतच गेलेत.

पायपेटी | रविवार, रात्री ९:३०

नमस्कार. मी कुडाळचा. जत्रेतले दशावताराचे प्रयोग आम्ही चार-पाच जण हौसेने रेकॉर्ड करून जपून ठेवतो. जुने कलाकार थकले, त्यांचं काम पुढच्यांना बघायला मिळावं एवढाच हेतू. रात्रभराचा प्रयोग, जुना लॅपटॉप, एन्कोडिंग एक्स२६४ ने. एका मित्राने 'मी' (एमई, म्हणजे मोशन एस्टिमेशनची पद्धत) या सेटिंगला 'यूएमएच' लावायला सांगितलं, वेळ खूप वाढला. 'हेक्स' ठेवलं तर लढाईच्या प्रवेशात चौकोन दिसतात. काय करावं? आणि संकासूर येतो त्या भागाची फाईल विनाकारण फुगते, तो तर बराच वेळ एका जागीच उभा राहून बोलत असतो.

नीराकाठ | रविवार, रात्री १०:२०

पायपेटीदादा, आधी नमस्कार तुमच्या कामाला. तुमच्या प्रश्नात या विषयातल्या दोन खऱ्या अडचणी आल्यात, म्हणून सविस्तर लिहिते.

संकासूर. काळे कपडे, मागे गडद पडदा, रात्रीचा उजेड. कॅमेरा अंधारात चित्र काढताना त्यात कण पेरतो, आणि हे कण दर फ्रेमला वेगळे असतात. काळ्या कपड्याच्या १६ × १६ ब्लॉकमध्ये दुसरं काहीच नाही, ना घडी ना काठ. तिथे शोध केला तर काय सापडतं? कणांशी योगायोगाने जुळणारी एखादी जागा. शेजारच्या ब्लॉकला वेगळीच. कपडा स्थिर, पण गतिसदिश दहा दिशांना. आणि प्रत्येक गतिसदिश लिहायला बिट लागतात: तो शेजाऱ्यांच्या अंदाजापासून जितका लांब, तितके जास्त.

हे मी स्वतः भोगलंय. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मी लिहिलेला फुल सर्च फक्त फरकांची बेरीज बघायचा. बेरीज सर्वांत कमी, म्हणजे उत्तर सर्वोत्तम, अशी माझी पक्की समजूत. रात्रीच्या एका पार्किंगच्या व्हिडिओवर त्याची फाईल साध्या डायमंडपेक्षा मोठी आली. दोन दिवस मी डीसीटीत चूक शोधत होते. शेवटी गतिसदिश बाणांनी पडद्यावर काढून बघितले. रिकाम्या डांबरी जमिनीवर बाणच बाण, वाऱ्याने विस्कटलेल्या गवतासारखे, एकाचं तोंड दुसऱ्याकडे नाही. डायमंड आळशी असल्यामुळे शेजाऱ्यांजवळच थांबत होता, आणि त्यानेच बिट वाचवले होते.

यावरचा उपाय सूत्रातच आहे: फरकांची बेरीज अधिक लॅम्डा गुणिले गतिसदिशाचे बिट. लॅम्डा म्हणजे बिटांना किती वजन द्यायचं तो आकडा. एकूण खर्च कमी व्हायला हवा, नुसती बेरीज नाही. एक्स२६४ हे करतंच. तुमच्या बाबतीत फाईल फुगतेय ती कणांमुळे, त्यांना एन्कोडर इमानेइतबारे लिहून काढतोय. एन्कोड करण्याआधी कण कमी करणारा हलका फिल्टर लावा. हलकाच, नाहीतर चेहऱ्यावरचा रंग आणि दाढीचे केस पुसले जातील. शोध सोपा होतो, स्किप ब्लॉक वाढतात, वेळही वाचतो.

आता लढाई. तलवार किंवा गिरकी घेणारा राजा एका फ्रेममध्ये कुठल्या कुठे जातो. एक्स२६४ मध्ये हेक्स आणि डायमंडची पोच जास्तीत जास्त १६ पिक्सेलपर्यंत धरलेली आहे. तीही अंदाज केलेल्या जागेपासून मोजायची, त्यामुळे सलग हालचालीला पुरते. पण झटक्यात सुरू झालेल्या हालचालीला शेजाऱ्यांचा अंदाज उपयोगी पडत नाही, मागच्या फ्रेममध्ये तर तो स्थिर उभा होता. यूएमएच आधी अधिकच्या चिन्हासारख्या रेषांवर, मग आजूबाजूला, मग मोठमोठ्या षट्कोनांवर उमेदवार तपासतो, म्हणून अशी उडी पकडण्याची शक्यता जास्त.

तरी सगळ्या रात्रीला यूएमएच लावू नका. प्रयोग प्रवेशांनुसार कापलेला असेल तर लढाईचे तुकडे यूएमएचने करा, बाकी हेक्सने. आणि चौकोन हे खराब शोधाचं लक्षण असेलच असं नाही. बिट कमी पडले तरी चौकोन दिसतात. ठरावीक बिटरेट देत असाल तर तो सोडून प्रतीवर आधारलेलं सीआरएफ वापरून बघा. मला वाटतं निम्मी तक्रार तिथेच मिटेल.

उंबरठा | सोमवार, सकाळी ६:४५

डांबरी जमिनीवरचे बाण वाचून मला सगळं लख्ख कळलं. मग नऊवारीच्या काठावर काय होत असेल? तिथे तर तीच नक्षी पुन्हा पुन्हा येते.

नीराकाठ | सोमवार, सकाळी ७:३०

ताई, अगदी मर्मावर बोट ठेवलंत. काठावरची नक्षी दर १२ पिक्सेलला पुन्हा येत असेल, तर खऱ्या जागेपासून १२ पिक्सेल सरकूनही चित्र जवळपास तसंच दिसतं. परातीऐवजी अप्पेपात्र होतं, दर १२ पिक्सेलला एक खळगा. उतार धरून चालणारा कुठलाही शोध ज्या खळग्यात आधी पडेल तिथेच बसतो. सुरुवात मध्यकापासून केली तर बहुधा योग्य खळग्यातच पडतो, कारण पदर धरणाऱ्या हाताचे ब्लॉक शेजारी असतात आणि त्यांची हालचाल स्पष्ट असते. दुसरा मार्ग म्हणजे आधी चित्र निम्मं किंवा चतुर्थांश लहान करायचं. बारीक नक्षी तिथे पुसली जाते आणि मोठी हालचाल दिसते. तिथे सापडलेलं उत्तर दुप्पट (चतुर्थांश असेल तर चौपट) करून मोठ्या चित्रावर सुरुवात करायची. निम्म्या चित्रावर ±४ शोधलं की मोठ्यावर ±८ झालं, आणि तेही एक चतुर्थांश पिक्सेल मोजून.

तिफण | सोमवार, सकाळी ९:००

चौकट४२, फुल सर्चचंच उत्तर हवं पण खर्च कमी हवा, तर १९९५ च्या ली आणि सलारी यांची पद्धत बघ. माझी आवडती आहे. चालू ब्लॉकमधल्या २५६ पिक्सेलची बेरीज समज ३०,७२०. उमेदवार जागेची बेरीज २८,९००. दोन बेरजांतला फरक १८२०. पिक्सेलागणिक काढलेल्या फरकांची बेरीज यापेक्षा कमी असूच शकत नाही, हे त्रिकोणाच्या असमानतेवरून निघतं. आतापर्यंतचं उत्तम १४०० असेल तर ही जागा एका वजाबाकीत बाद. २५६ करायच्या नाहीत. प्रत्येक जागेची बेरीज काढायलाही पुन्हा २५६ पिक्सेल मोजायला नकोत: ब्लॉक एक पिक्सेल सरकला की गेलेला रकाना वजा, आलेला रकाना अधिक. एक्स२६४ चा 'ईएसए' हा सर्व जागा बघणारा पर्याय याच युक्तीवर चालतो. सुरुवात चांगल्या जागेपासून केलीस तर 'आतापर्यंतचं उत्तम' लवकर खाली येतं, आणि बाद होणाऱ्या जागा वाढतात. म्हणजे ताईंचा पहिला मुद्दा इथेही लागू.

चौकट४२ | बुधवार, रात्री ११:५०

सगळ्यांचे मनापासून आभार. मध्यक, (०, ०) आणि मागच्या फ्रेमचा गतिसदिश, असे तीन उमेदवार, मग छोटा डायमंड, आणि ओळीगणिक थांबणं, एवढं लिहिलं. रात्री लावून झोपायची गरज संपली, जेवून येईपर्यंत होतं. प्रत डोळ्यांना सारखीच दिसते, पीएसएनआरमध्ये (प्रत मोजण्याच्या आकड्यात) किंचित फरक. फक्त 'फोरमन'च्या शेवटाकडे कॅमेरा झटकन बांधकामाकडे वळतो, तिथे तेवढी जास्त घसरते. ताईंनी लढाईबद्दल लिहिलं तेच असावं.

एक अडचण उरली. अर्धा आणि पाव पिक्सेलचा शोध जोडला तर वेळ पुन्हा वाढला. पूर्ण पिक्सेलला ब्लॉकमागे मोजून थोड्याच जागा लागतात, आणि नंतर ८ अर्ध्या व ८ पावच्या, अशा १६ जागा नुसत्या या बारकाव्यासाठी.

नीराकाठ | गुरुवार, सकाळी ७:१५

शाब्बास. आणि हे तुला स्वतःहून दिसलं, याचा मला जास्त आनंद आहे. पूर्ण पिक्सेलचा शोध हलका केला की भार बारकाव्याकडे सरकतो, हे सगळ्यांना भेटतं.

तू अर्धा पिक्सेल प्रत्येक ब्लॉकच्या वेळी नव्याने काढत असणार. एच.२६४ मध्ये त्यासाठी ६ पिक्सेलचं सूत्र आहे, १, −५, २०, २०, −५, १, मग ३२ ने भाग. एकच अर्धा पिक्सेल शेजारचे कित्येक ब्लॉक पुन्हा पुन्हा मागतात. त्यापेक्षा फ्रेम पूर्ण झाली की तिच्या आडव्या, उभ्या आणि तिरक्या अर्ध्या पिक्सेलच्या तीन प्रती एकदाच तयार करून ठेव. मेमरी चौपट, पण शोधताना फक्त वाचायचं. पाव पिक्सेल म्हणजे त्यातल्या दोन शेजाऱ्यांची सरासरी.

आणि ८ ऐवजी आधी वर-खाली-डावी-उजवी अशा ४ च जागा बघ. मध्यच जिंकला तर अर्ध्याचा शोध बंद. स्किप ठरलेल्या ब्लॉकला तर बारकावा लावूच नको.

'फोरमन'च्या त्या वळणावर सगळं चित्र एका दिशेला सरकतं. त्या फ्रेमपुरता एक जास्तीचा उमेदवार ठेव: मागच्या फ्रेममधल्या सर्व गतिसदिशांचा मध्यक. वळण सुरू होतानाची पहिली फ्रेम त्याने सुटेल, पण पुढच्या सगळ्या सावरतील.

पायपेटी | गुरुवार, रात्री १०:०५

ताई, फिल्टर हलका लावून संकासुराचा भाग पुन्हा केला. फाईल उतरली आणि वेळही कमी लागला. दाढी शाबूत आहे, बघून खात्री केली. सीआरएफवर हेक्सने लढाई केली, चौकोन बरेच गेले. आता यूएमएच आणि हेक्स समोरासमोर लावून बघायचेत. लढाईतली नेमकी कुठली दोन मिनिटं घेऊ?

नीराकाठ | गुरुवार, रात्री १०:३०

जिथे दोघं आधी स्थिर उभे राहून बोलतात आणि मग एकदम तलवारी उपसतात, तिथून. बोलण्याची निदान दहा सेकंदं आत राहू द्या. दोन्ही फाईलींना सीआरएफचा एकच आकडा द्या, आणि तलवार निघते त्यानंतरच्या चार-पाच फ्रेम एकेक करून थांबवून बघा.